‘टू’ कधी लावायचा? इंग्रजी शिकवतानाचे अनुभवाचे बोल

मराठी शाळेतून आलेली मुलं इंग्रजीत अडतात ती मोठ्या शब्दांपाशी नाही, तर ‘टू’पाशी. शब्द पाठ होतात, काळांचे तक्ते पाठ होतात, पण एका वाक्यात दोन क्रियापदं आली की लिहिता हात थबकतो. ‘आय एन्जॉय टू रीड’ की ‘रीडिंग’? ‘ही मेड मी टू राइट’ की नुसतं ‘राइट’? शाळेत ‘टू अधिक व्ही-वन म्हणजे इन्फिनिटिव्ह’ एवढं सूत्र मिळतं. सूत्र बरोबर आहे, पण ते रूप कसं तयार होतं एवढंच सांगतं. ते कधी वापरायचं, हा प्रश्न तसाच राहतो.

मी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग घेते. नर्सिंगच्या मुली, बँकेच्या परीक्षा देणारी मुलं, दुकान बंद करून येणारे तरुण, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या आया, असा तो वर्ग. त्यांच्या वह्या तपासताना एक गोष्ट मला पक्की कळत गेली. या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यांना येत असलेल्या मराठीतच असतं, फक्त कुणी ते दाखवलेलं नसतं. आणि जिथे मराठी चुकवते, तिथेही का चुकवते हे सांगता येतं. शिकवता शिकवता हाती आलेलं ते इथे क्रमाने मांडते.

१. ‘टू’ म्हणजे अजून व्हायचं आहे

इंग्रजी वर्तमानपत्रांचे मथळे पाहा. ‘पीएम टू व्हिजिट पुणे’ म्हणजे पंतप्रधान पुण्याला येणार आहेत. ‘स्कूल्स टू रीओपन ऑन मंडे’ म्हणजे शाळा सोमवारी उघडणार. मथळ्यात ‘विल’ कुठेच नाही, भविष्याचा सगळा भार ‘टू’ने उचलला आहे. रिकाम्या घरावर ‘टू लेट’ची पाटी दिसते, तीच मराठीत ‘भाड्याने देणे आहे’ अशी असते. अजून दिलेलं नाही, द्यायचं आहे.

हा अर्थ ‘टू’ला उगाच चिकटलेला नाही. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाचं हे रूप प्रत्ययानेच ओळखू यायचं. ‘सिंग’चं रूप ‘सिंगन’ असं व्हायचं. ‘टू’ हा वेगळा, दिशा दाखवणारा शब्द होता. तो अमुक कृतीकडे, अमुक कृतीसाठी असं सांगायला यायचा. पुढच्या काही शतकांत प्रत्यय झिजून गेले आणि ‘टू’ त्या रूपाची खूण म्हणून उरला. पण पुढे बोट दाखवण्याची त्याची सवय गेली नाही. म्हणून वॉन्ट, होप, प्लॅन, डिसाइड, प्रॉमिस, अग्री, रिफ्यूज, ऑफर, एक्स्पेक्ट या क्रियापदांनंतर ‘टू’ येतो. हवं आहे, आशा आहे, ठरवलं आहे, शब्द दिला आहे, या सगळ्यांत पुढची कृती अजून व्हायची असते.

२. ‘यायचं’ आणि ‘आल्याचं’ यांतला फरक कानाला आधीच ठाऊक आहे

हा माझा सगळ्यात उपयोगी पडलेला धडा. मराठीत ‘कबूल करणं’ हे क्रियापद घ्या. ‘त्याने यायचं कबूल केलं’ आणि ‘त्याने पैसे घेतल्याचं कबूल केलं’. मराठी माणूस या दोन वाक्यांत कधीही गोंधळत नाही. पहिल्यात येणं बाकी आहे, दुसऱ्यात पैसे घेऊन झाले आहेत. इंग्रजीत पहिलं वाक्य ‘ही अग्रीड टू कम’ आणि दुसरं ‘ही ॲडमिटेड टेकिंग द मनी’. नकाराचंही तसंच. ‘यायला नकार दिला’ म्हणजे ‘रिफ्यूज्ड टू कम’, आणि ‘पैसे घेतल्याचं नाकारलं’ म्हणजे ‘डिनाइड टेकिंग द मनी’.

आता विसरणं आणि आठवणं घ्या. ‘मी दार लावायला विसरले’ म्हणजे ‘आय फरगॉट टू लॉक द डोअर’. दार लावलंच गेलं नाही. ‘दार लावल्याचं मला आठवतं’ म्हणजे ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’. दार लावून झालं आहे आणि त्याची आठवण आहे. सरकारी पत्रातलं ‘कळविण्यास खेद वाटतो’ हे ‘आय रिग्रेट टू इन्फॉर यू’, कारण कळवणं या पत्राने आत्ता व्हायचं आहे. ‘तसं बोलल्याचं वाईट वाटतं’ हे मात्र ‘आय रिग्रेट सेइंग दॅट’.

ड्वाइट बोलिंजर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६८ साली हाच भेद मांडला: ‘टू’चं रूप संभाव्य गोष्टीकडे झुकतं, ‘लॉकिंग’सारखं आयएनजीचं रूप घडलेल्या, प्रत्यक्ष गोष्टीकडे. आपली मुलं हा भेद घरात, बाजारात रोज बोलतात. म्हणून मी क्रियापदांच्या याद्या देण्याआधी एकच प्रश्न विचारायला शिकवते: झालंय की व्हायचंय?

३. ‘करायचा प्रयत्न’ वेगळा, ‘करून पाहणं’ वेगळं

‘ट्राय’नंतर दोन्ही रूपं येतात आणि पुस्तकं त्यांचा फरक सांगताना लांबण लावतात. मराठीत तो एका दमात सांगता येतो. ‘खिडकी उघडायचा प्रयत्न केला’ म्हणजे ‘ट्राइड टू ओपन द विंडो’. कदाचित ती उघडलीच नसेल. ‘खिडकी उघडून पाहिली’ म्हणजे ‘ट्राइड ओपनिंग द विंडो’. खिडकी उघडली, वारा येतो का ते पाहिलं. आमटीत मीठ कमी वाटलं तर आपण ‘थोडं मीठ घालून पाहा’ म्हणतो. इंग्रजीत ते ‘ट्राय ॲडिंग सम सॉल्ट’.

‘स्टॉप’लाही हीच किल्ली लागते. ‘तो चहा प्यायला थांबला’ हे ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’. ‘त्याने चहा पिणं सोडलं’ हे ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. नर्सिंगच्या मुलींकडून हा फरक मी पुन्हा पुन्हा घोटून घेते. रुग्णाच्या कागदावर ‘स्टॉप्ड टू टेक मेडिसिन’ लिहिलं तर तो गोळी घेण्यासाठी थांबला असा अर्थ होतो. गोळी बंद केली असा होत नाही. तिथे एका ‘टू’ने अर्थ उलटतो.

४. अपवादांची यादी लहान आहे, ती पाठच करा

‘व्हायचंय’ची कसोटी सगळीकडे चालत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावं. ‘मला पोहायला मजा येते’ असं आपण म्हणतो, पण ‘एन्जॉय’नंतर ‘स्विमिंग’च येतं. ‘जायचा विचार करतोय’ यात जाणं पुढचं आहे, तरी ‘कन्सिडर’नंतर ‘गोइंग’. ‘जायचं टाळलं’, तरी ‘अव्हॉइड गोइंग’. एन्जॉय, अव्हॉइड, कन्सिडर, सजेस्ट, माइंड, पोस्टपोन, रिस्क, इमॅजिन, फिनिश, प्रॅक्टिस, कीप आणि गिव्ह अप ही नेहमी लागणारी क्रियापदं आयएनजी घेतात. एवढी पाठ केली की रोजचं बरंचसं काम भागतं.

लाइक, लव्ह, हेट, बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू यांना दोन्ही रूपं चालतात आणि रोजच्या वापरात अर्थ फारसा बदलत नाही. तिथे मुलांनी वेळ घालवू नये. एक मात्र लक्षात ठेवावं: ‘वुड लाइक’ आलं की ‘टू’च. ‘आय लाइक ड्रिंकिंग टी’ ही आवड झाली, ‘आय वुड लाइक टू ड्रिंक टी’ ही आत्ताची इच्छा, म्हणजे पुन्हा व्हायचं असलेलं.

५. ‘साठी’ दिसलं की ‘फॉर’ लिहू नका

‘मी खातं उघडण्यासाठी बँकेत गेलो.’ याचं भाषांतर वह्यांमध्ये हमखास ‘आय वेंट टू द बँक फॉर ओपनिंग ॲन अकाउंट’ असं येतं, क्वचित ‘फॉर टू ओपन’ असंही. शाळेत ‘साठी म्हणजे फॉर’ असं पाठ झालेलं असतं, त्याचा हा परिणाम. माणूस काही हेतूने कुठे गेला, थांबला, उठला, तर तो हेतू इंग्रजी एकट्या ‘टू’ने सांगते: ‘आय वेंट टू द बँक टू ओपन ॲन अकाउंट’. पहिला ‘टू’ जागेचा, दुसरा हेतूचा, आणि दोन्ही दिशाच दाखवतात.

‘फॉर’ आणि आयएनजी ही जोडी वस्तूच्या उपयोगासाठी असते. ‘ही सुरी भाजी चिरायची आहे’ म्हणजे ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग व्हेजिटेबल्स’. माणसाचा हेतू असेल तर ‘टू’, वस्तूचा उपयोग असेल तर ‘फॉर’ आणि आयएनजी. एवढं सांगितलं की दुकानातली मुलं लगेच पकडतात, कारण गिऱ्हाइकाला वस्तूचा उपयोग सांगणं हे त्यांचं रोजचं बोलणं. नकारी हेतू असेल, म्हणजे ‘उशीर होऊ नये म्हणून’, तर ‘सो ॲज नॉट टू बी लेट’ ही ठेवण तशीच पाठ करावी.

६. ‘जाऊ दे’, ‘जाऊ शकतो’, ‘जाऊ नको’: इथे ‘टू’ नाही

इन्फिनिटिव्ह ‘टू’शिवायही असतो. कॅन, कुड, विल, वुड, शॅल, शुड, मे, माइट, मस्ट यांच्यापुढे नुसतं मूळ रूप येतं. जुन्या इंग्रजीतल्या त्या प्रत्ययवाल्या रूपाशी या शब्दांची जोडी होती. ‘टू’ सगळीकडे पसरला तेव्हाही ती जोडी तुटली नाही. ‘ऑट’ मात्र ‘टू’ घेतो.

मराठी मुलांना हे नियम म्हणून जड जातं, पण ‘ऊ’चं रूप दाखवलं की सोपं होतं. ‘मी पोहू शकतो’: ‘आय कॅन स्विम’. ‘त्याला जाऊ दे’: ‘लेट हिम गो’. ‘रडू नको’: ‘डोन्ट क्राय’. शकणं, देणं आणि नको यांच्याआधी मराठीत ‘ऊ’चं रूप आलं की इंग्रजीत ‘टू’ नसतो. मात्र ‘लागणं’ या नियमात बसत नाही. ‘तो रडू लागला’ हे ‘ही बिगॅन टू क्राय’ होतं, हे सोबतच सांगावं लागतं. ‘परवानगी देणं’ या अर्थी ‘अलाव’ वापरला तरी ‘टू’ परत येतो: ‘लेट हिम गो’, पण ‘अलाव हिम टू गो’.

‘हॅड बेटर’ आणि ‘वुड रादर’ यांच्यापुढेही नुसतं मूळ रूप येतं. ‘तू आता गेलेलं बरं’ म्हणजे ‘यू हॅड बेटर गो नाऊ’.

७. ‘करायला लावलं’ आणि ‘करायला सांगितलं’ इंग्रजीत सारखे नाहीत

इथे मराठी चुकवते. ‘सरांनी मला परत लिहायला लावलं’ आणि ‘सरांनी मला परत लिहायला सांगितलं’ या दोन्ही वाक्यांत आपलं ‘लिहायला’ सारखंच आहे. इंग्रजीत ‘सर टोल्ड मी टू राइट इट अगेन’, पण ‘सर मेड मी राइट इट अगेन’. ‘मेक’नंतर ‘टू’ नाही. मेक, लेट, आणि इंद्रियांची सी, हिअर, वॉच, फील ही क्रियापदं ‘टू’शिवाय चालतात. ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ म्हणजे त्याने रस्ता पूर्ण ओलांडला, हे मी पाहिलं. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग’ म्हणजे तो ओलांडत असताना मी पाहिलं. ‘हेल्प’ला दोन्ही चालतात, ‘हेल्प मी राइट’ आणि ‘हेल्प मी टू राइट’.

पण कर्मणी प्रयोग केला की ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू राइट इट अगेन’, ‘ही वॉज सीन टू क्रॉस द रोड’. स्पर्धा परीक्षेत ‘चूक शोधा’ प्रकारचे प्रश्न अनेकदा याच जागेवर बेतलेले असतात, म्हणून बँकेची तयारी करणाऱ्यांनी ही जोडी शेजारी शेजारी लिहून ठेवावी.

८. इच्छा माझी, कृती दुसऱ्याची: इथे इंग्रजी वेगळी वाट धरते

‘मला जायचंय’ हे ‘आय वॉन्ट टू गो’, हे लहान मुलालाही जमतं. ‘त्याने जावं असं मला वाटतं’ आलं की वही भरते ‘आय वॉन्ट दॅट ही शुड गो’ या वाक्याने. मुलं ढिलाई करत नाहीत. ती मराठीशी प्रामाणिक राहतात. इच्छा करणारा आणि कृती करणारा वेगळा झाला की मराठी पूर्ण रचनाच बदलते. ‘जायचं’ सोडून ‘जावं असं’ म्हणते.

ही ठेवण जुनी आहे. संस्कृत शिकलेल्यांना ‘गन्तुम्’, ‘कर्तुम्’ ही तुमन्तं आठवतील. पाणिनीने अष्टाध्यायीत तुमुन् प्रत्यय सांगताना इच्छार्थी धातूंसाठी अट घातली आहे की दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा. इंग्रजीला ही अट नाही. ती दुसरा कर्ता मध्ये बसवते आणि ‘टू’ तसाच ठेवते: ‘आय वॉन्ट हिम टू गो’. एक्स्पेक्ट, आस्क, टेल, रिक्वेस्ट, ॲडव्हाइज, इन्व्हाइट, एन्करेज, अलाव ही सगळी याच वाटेने जातात. या पूर्ण ठेवणीचं एकच वाक्य पन्नास क्रियापदांपेक्षा जास्त कामाचं आहे, म्हणून मी ते तोंडी म्हणवून घेते: ‘आई वॉन्ट्स मी टू स्टडी’, ‘बाबा वॉन्ट्स मी टू स्टडी’, ‘आय वॉन्ट आई टू रेस्ट’.

अपवाद ‘सजेस्ट’चा. ‘ही सजेस्टेड मी टू गो’ चुकीचं. ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ किंवा ‘ही सजेस्टेड गोइंग’ बरोबर. ‘होप’ही या ठेवणीत बसत नाही. ‘आय होप यू टू पास’ होत नाही, ‘आय होप यू पास’ होतं.

९. ‘काय करावं’ला ‘टू’ लावा, ‘का करावं’ला नाही

‘काय करावं कळत नाही’: ‘आय डोन्ट नो व्हॉट टू डू’. ‘कुठे उतरायचं ते सांगा’: ‘टेल मी व्हेअर टू गेट ऑफ’. ‘केव्हा निघायचं’: ‘व्हेन टू लीव्ह’. ‘कसं भरायचं’: ‘हाऊ टू फिल इट’. मराठीतलं ‘करावं’ आणि ‘करायचं’ दोन्ही इथे ‘टू’त सामावतात. प्रवासात, बँकेत, दवाखान्यात या वाक्यांनी माणसाचं काम होतं, म्हणून ती सुरुवातीलाच शिकवावीत.

फक्त ‘व्हाय’ या पंगतीत नाही. ‘व्हाय टू वरी?’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, इंग्रजी ‘व्हाय वरी?’ म्हणते. ‘का जावं कळत नाही’ हे ‘आय डोन्ट नो व्हाय आय शुड गो’. शिवाय ‘हाऊ टू ओपन धिस?’ हा पूर्ण प्रश्न होत नाही; ते एखाद्या पुस्तिकेतलं शीर्षक होईल. समोरच्या माणसाला विचारायचं तर ‘हाऊ डू आय ओपन धिस?’ ‘मला पोहायला येतं’ हेही ‘आय नो टू स्विम’ होत नाही. ‘आय नो हाऊ टू स्विम’ म्हणावं.

१०. प्रत्येक ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नसतो

कार्यालयांतल्या ईमेलमध्ये शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असं वाक्य फार वेळा दिसतं. बरोबर रूप ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. इथे ‘टू’ म्हणजे नुसतं शब्दयोगी अव्यय, ‘कडे’. त्याच्यापुढे नाम हवं आणि क्रियापदाचं नाम म्हणजे आयएनजीचं रूप.

ओळखायचं कसं? ‘टू’च्या पुढे ‘इट’ ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ बसतं, म्हणजे पुढे आयएनजी. ‘आय वॉन्ट टू इट’ बसत नाही, म्हणजे तो इन्फिनिटिव्हचा ‘टू’. ऑब्जेक्ट टू, बी अकस्टम्ड टू, बी डेडिकेटेड टू, इन ॲडिशन टू ही सगळी ‘इट’ घेतात, म्हणून ती आयएनजीच्या बाजूची.

याच कसोटीने ‘यूज्ड टू’चा गुंताही सुटतो. ‘मी रोज पहाटे उठायचो’ हे ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’. ‘मला पहाटे उठायची सवय आहे’ हे ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’. दुसऱ्यात ‘आय ॲम यूज्ड टू इट’ म्हणता येतं, पहिल्यात नाही. वर्गातला एक तरुण ही कसोटी कळल्यावर म्हणाला, “मॅडम, आता यादी पाठ करायला नको, वाक्यालाच विचारायचं.” अगदी बरोबर आहे त्याचं. व्याकरण वाक्यालाच विचारता आलं पाहिजे.

११. ‘लिहायला पेन’ आणि ‘लिहायला कागद’

मराठीत दोन्हीकडे ‘लिहायला’. इंग्रजी विचारते, पेनने लिहायचं की कागदावर? ‘अ पेन टू राइट विथ’, ‘पेपर टू राइट ऑन’. ‘राहायला घर’ म्हणजे ‘अ हाउस टू लिव्ह इन’, ‘बसायला खुर्ची’ म्हणजे ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘बोलायला कुणीतरी’ म्हणजे ‘समवन टू टॉक टू’. मूळ वाक्य मनात पूर्ण करा: घरात राहायचं, खुर्चीवर बसायचं, कुणाशी तरी बोलायचं. मराठीतला तो ‘त’, ‘वर’, ‘शी’ इंग्रजीत क्रियापदाच्या मागे जाऊन बसतो. तो गाळला तर वाक्य अर्धं राहतं.

याच्या उलट एक शब्द जास्त पडतो. ‘हे गणित सोडवायला अवघड आहे’ याचं ‘धिस सम इज डिफिकल्ट टू सॉल्व्ह इट’ असं केलं जातं. ‘सम’ वाक्याच्या सुरुवातीला आलंच आहे, ‘इट’ नको: ‘धिस सम इज डिफिकल्ट टू सॉल्व्ह’.

१२. ‘लवकर उठणं चांगलं’ला ‘इट’ने सुरुवात करा

मराठीत आपण कृतीलाच कर्ता करतो. ‘लवकर उठणं चांगलं.’ त्यावरून ‘टू गेट अप अर्ली इज गुड’ असं लिहिलं तर ते चूक नाही, पण पोथीतल्यासारखं जड वाटतं. बोलण्यात ‘इट इज गुड टू गेट अप अर्ली’ असं येतं. कृती कोणाची ते सांगायचं तर ‘फॉर’: ‘इट इज नेसेसरी फॉर चिल्ड्रन टू रीड’. माणसाच्या स्वभावाबद्दल बोलायचं तर ‘ऑफ’: ‘इट इज काइंड ऑफ यू टू हेल्प’. गरज कृतीची असते म्हणून ‘फॉर’, चांगुलपणा माणसाचा असतो म्हणून ‘ऑफ’. आभार मानायचं हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असावं असं मला वाटतं.

१३. ‘टू’च्या आधीचा दुसरा ‘टू’

कानाला सारखा, लिहिताना एक ‘ओ’ जास्त असलेला हा शब्द दहावीच्या परीक्षेत ‘रिमूव्ह टू’ म्हणून भेटतो. ‘इतका दमलो की चालवेना’ म्हणजे ‘आय वॉज टू टायर्ड टू वॉक’. या रचनेत नकार लपलेला आहे, म्हणून ‘टू’ काढला की ‘सो टायर्ड दॅट आय कुड नॉट वॉक’ असा ‘नॉट’ बाहेर येतो. मुलं रूपांतर यांत्रिकपणे करतात, पण लपलेला नकार कळला की रूपांतर पाठ करावं लागत नाही. ‘इनफ’ याच्या उलट होकार देतो आणि विशेषणाच्या मागे बसतो: ‘शी इज ओल्ड इनफ टू व्होट’. १८ वर्षं पूर्ण झाली, मत देऊ शकते.

१४. ‘नॉट’ आधी, आणि मध्ये शब्द आला तर घाबरू नका

‘जाऊ नको असं तिने सांगितलं’ हे ‘शी टोल्ड मी नॉट टू गो’. ‘नॉट’ची ही जागा पक्की धरावी. मग मुलं विचारतात, ‘टू काइंडली सेंड’ चालेल का? ‘टू’ आणि क्रियापदाच्या मध्ये शब्द घालू नये असं कुणीतरी त्यांना दटावलेलं असतं. हेन्री आल्फर्ड या इंग्रज धर्मगुरूने १८६४ साली या सवयीला आपल्या पुस्तकात हरकत घेतली आणि पुढे ती शाळामास्तरांची आवडती चूक झाली. पण कोशकार फाउलरने इंग्रजी वापरावरच्या १९२६च्या आपल्या प्रसिद्ध कोशात आंधळ्या बंदीला विरोध केला, आणि १९९८च्या ऑक्सफर्डच्या नव्या कोशानेही ही रचना मान्य केली. अर्थ स्वच्छ राहत असेल तर मुलांनी या एका गोष्टीची धास्ती घेऊ नये. त्यांची शक्ती आधीच्या तेरा मुद्द्यांवर खर्च व्हावी.

१५. क्रियापद एकटं शिकू नका

वहीत ‘डिसाइड म्हणजे ठरवणे’ असं लिहिणाऱ्याला पुढचं वाक्य येत नाही. ‘डिसाइड टू गो, जायचं ठरवणे’ असं लिहिणाऱ्याला येतं. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला. पुढे तोच ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश झाला. दुसऱ्या भाषेतून इंग्रजीकडे येणाऱ्यांसाठी तो केलेला असल्याने प्रत्येक क्रियापदापुढे काय येतं, ‘टू’ की आयएनजी, हे त्यात दाखवलेलं असतं. अर्थ पाहून कोश मिटू नका, ती खूणही पाहा.

आणि ‘इंग्रजीत विचार करा, मराठी बाजूला ठेवा’ हा सल्ला देणाऱ्यांना माझं आदराने सांगणं आहे की मराठी शाळेतल्या मुलाकडून त्याचं सगळ्यात भक्कम साधन काढून घेऊ नका. यायचं आणि आल्याचं, करायचा प्रयत्न आणि करून पाहणं, जाऊ देणं आणि जाऊ शकणं हे भेद त्याने आईच्या बोलण्यातून घेतलेले आहेत आणि इंग्रजीतला इन्फिनिटिव्ह बहुतांशी त्यांवरच उभा राहतो. ‘साठी’, ‘करायला लावणं’, ‘जावं असं वाटतं’ या तीन जागी मराठी फसवते. त्या जागा नावानिशी दाखवल्या की तिथेही मुलं सावध होतात.

आज एक इंग्रजी पान घ्या. त्यातला प्रत्येक ‘टू’ पेन्सिलीने अधोरेखित करा. पुढे क्रियापदाचं मूळ रूप आहे की नाम, ते पाहा. मूळ रूप असेल तर ते वाक्य मोठ्याने मराठीत म्हणा आणि ‘यचं’, ‘यला’, ‘ण्यासाठी’, ‘वं’ यांपैकी काय येतं ते समासात लिहा. असं रोज एक पान केलं की पुढच्या वेळी लिहिताना ‘टू’ लावायचा की नाही, हे कुणाला विचारावं लागणार नाही.